समुद्र ओलांडून आलेली धूळ
काल इथे अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलर शहरात धुळीचं वादळ येऊन गेलं आणि आज गाडी पुसताना मातीचा कोरडा वास आला, तशी हवाईतल्या डोंगरावरची एक सकाळ आठवली. ढगांच्याही वर, काळ्या लाव्हावर बांधलेल्या केंद्रात आम्ही दोघं विद्यार्थी हवेतले सूक्ष्म कण मोजायचो. मी नागपूरचा आणि ती अमेरिकेतच जन्मलेली मराठी मुलगी. आमचं यंत्र कित्येक आठवडे जवळजवळ शून्यच दाखवत होतं. ते बिघडलंय असं ठरवून आमचे सर त्या दिवशी ते काढून न्यायला मोठं खोकं घेऊन आले होते. ती यंत्र बंद करायला गेली आणि स्क्रीनपाशीच थबकली. "अरे, नंबर्स वर जातायत. लीक आहे का बघ ना." आम्ही धापा टाकत सगळ्या नळ्या तपासल्या, पण गळती कुठेच नव्हती. मग सरांनी फिल्टर उघडला. आदल्या दिवशी घातलेला पांढराशुभ्र कागद फिकट तपकिरी झाला होता. "आशियातल्या वाळवंटाची धूळ," सर हळूच म्हणाले, "अख्खा समुद्र ओलांडून आलीय." मी विचारलं, "म्हणजे यंत्र चांगलं होतं?" ते हसले. "यंत्रही चांगलं आणि इतके दिवस हवाही." ती टाळ्या वाजवत नाचायला लागली आणि विरळ हवेत दम लागून मटकन खाली बसली, तरी हसणं थांबेना. सर रिकामं खोकं उचलून गाडीकडे निघाले. मी आता कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो, पण ते यंत्र अजून तिथेच हवा ओढतंय, या विचारानं आजही मस्त वाटतं.