सिस्टर आणि सुतारभाऊ

सव्वीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली, म्हणून चर्चच्या मंडळीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. एकदा सलग दुसऱ्या ड्यूटीला, दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांपैकी भलतीच तिच्या हाताला लागली आणि दुसऱ्या दिवशी घरी जाणारी एक बाई दगावली. कुणी विचारायच्या आत सिस्टरने सांगून टाकलं, "इंजेक्शन मीच दिलं." नोकरी गेली. तिने अंथरूण धरलं.

पहिल्या रविवारी उपासना सुटल्यावर बारा जण तिच्या खोलीत दाटीवाटीने बसले. "देवाची इच्छा," पाळक म्हणाले.

"हे त्या बाईच्या मुलांना सांगाल?"

धाकट्या जावेने आणलेला चहा तसाच निवला. पुढच्या रविवारी चौघं आली, मग कुणीच नाही.

सुतारभाऊ मात्र येत राहिला. मंडळीत त्याला फारसं कुणी मोजत नसे. "दारू सुटली म्हणून मंडळीपुढे चार वेळा उभं राहून साक्ष दिली मी," तो सांगे. "पाचव्यांदा पाळकच म्हणाले, आता बसूनच सांगा." जावेला हसू फुटे, सिस्टरला नाही. तो दाराची कडी, खुर्चीचा पाय, असलं काहीबाही दुरुस्त करी आणि निघताना विचारी, "प्रार्थना करू?" ती मानेनेच नको म्हणे.

पाच महिन्यांनी त्याचं येणं थांबलं. तो पुन्हा प्यायला लागला होता आणि लिव्हर कामातून गेलं होतं. हे कळल्यावर सिस्टर उठली, साडी बदलली आणि जावेला घेऊन त्याच्याकडे गेली. एकट्या माणसाची खोली, भुशाचा वास, घाण झालेलं अंथरूण. तिने त्याला पुसून काढलं, चादर बदलली. औषधाची वेळ झाली तशी ती मागे सरली. "ही देईल."

"तुम्हीच द्या."

"माझा हात भरवशाचा नाही राहिला, भाऊ."

"माझा तरी कुठे आहे?"

तिने लेबल चार वेळा मोठ्याने वाचलं, जावेकडून वाचून घेतलं, मग चमचा त्याच्या ओठांना लावला.

तो अकरा दिवस जगला. ती रोज गेली. शेवटी तो म्हणाला, "माझ्याच्याने प्रार्थना होत नाही आता. तुम्ही करा." तिने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ती नुसतीच त्याचा हात धरून बसली.

"चालेल," तो म्हणाला.

मातीला सगळी मंडळी आली. पाळकांनी तिला बाजूला गाठलं. "त्या दिवशी मी भलतंच बोललो. दुसरं काही सुचलं नाही."

"मलाही त्याच्यासाठी सुचलं नाही काही."

रविवारी ती देवळात गेली, शेवटच्या बाकावर बसली. गाणं तिला जमलं नाही. उपासना संपल्यावर पाळक तिच्या शेजारी येऊन बसले. सगळे घरी गेले तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.