लेण्यातलं सेहेचाळिसावं साल

जुन्नरच्या मानमोडीच्या डोंगरात एका लेण्याच्या भिंतीवर लेख आहे. राजाच्या प्रधानाने मंडप आणि पाण्याचं टाकं दान दिलं, वर्ष सेहेचाळीस. कुठलं सेहेचाळीस, ते मात्र त्याने लिहिलं नाही. इतिहासाचा मास्तर म्हणून मी आयुष्यभर त्याच्यावर चिडलेलो आहे.

गेल्या हिवाळ्यात बायकोच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण ही ऐकेना. आधी कांदा निघू दे, मग आणे गावची यात्रा होऊ दे. शेवटी म्हणाली, "तुमचं ते लेणं तरी एकदा दावा." म्हणून दोघा मित्रांना घेऊन आम्ही हळूहळू चढलो. एक पेठेतला जैन कापडवाला, दुसरा राजुरीचा बौद्ध, वीज खात्यातून निवृत्त होऊन आता द्राक्षं पिकवणारा.

लेखाखाली टेकताच मी सुरू झालो. "शके धरलं, तर इसवी सन एकशे चोवीस."

"बुद्धवर्षात सांगा ना राव, सहाशे अडुसष्ट!" राजुरीकर म्हणाला.

"आमच्या वीर संवतात साडेसहाशे," कापडवाला म्हणाला. "पण दान दिवाळीच्या अलीकडं दिलं का पलीकडं? आमचं साल तिथं बदलतं."

"प्रधानाला फोन लावून विचार," मी म्हणालो.

बायको टाक्यात डोकावत होती. "त्यानं आपल्या राजापासून मोजलं असंल की. मी न्हाई का, नांदायला आले तवापासनं मोजत? बोअर मारलं ते माझं दहावं साल. आन आता चाललंय ते शेचाळिसावं."

त्या राजाचं सेहेचाळीसच्या पुढचं साल कुठेच सापडत नाही. तो लढाईत हरला आणि मोजणी थांबली. या दोघांना हे मीच शंभरदा ऐकवलेलं.

"मग सत्तेचाळिसावं कुठल्या भिंतीवर हाय?" तिने विचारलं.

कापडवाला खाकरला. "ते अजून कोरायचं राहिलंय, वहिनी."

"पुढल्या साली दावतो की," राजुरीकर लगेच म्हणाला. सालावरून या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिने तिघांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि पदर झटकत उठली. "लई वाईट खोटं बोलता तुमी. पुण्याला कवा निघायचं?"

यंदा तिचं सत्तेचाळिसावं चालू आहे, आणि ते कोरलेलं दाखवा म्हणून ती आम्हा तिघांच्या मागे लागली आहे.