राखणदाराची बाटली

"मॅडम, बाटली आली. मांयनं तांदळाच्या डब्यामागे ठेवलीय. मी परसात येऊन उभी आहे."

सुलक्षाचा फोन. मांय म्हणजे तिची सासू. मी डिचोलीच्या ऑफिसात नुकतीच पंखा लावून बसले होते. म्हटलं, "आत जाऊ नकोस. शेजारणीकडे जा, चहा माग. फोन ठेवू नकोस."

मी कोच आहे. क्रिकेटची नव्हे. ज्या बायकांना आपलं पिणं कमी करायचंय किंवा सोडायचंय, त्यांच्याशी मी आठवड्यातून एकदा बसून बोलते. मी डॉक्टर नव्हे. दारू थांबवली की जिचे हात थरथरतात, तिला मी आधी डॉक्टरकडे पाठवते. "आमच्यात बायका पितात?" असं डोळे मोठे करून विचारणारे मला नेहमी भेटतात. पितात हो! पुरुष बारात बसतात म्हणून दिसतात. बायका रांधता रांधता स्टीलच्या पेल्यातून पितात, त्या कोणाला दिसत नाहीत.

सुलक्षा मुळगावची. नवरा दिलीप, त्याचे खाणीवर चालणारे ट्रक. खाण बंद पडली, ट्रक अंगणात उभे राहिले, आणि दिलीप घरात बसून पिऊ लागला. त्याचं उरलेलं ही पिऊ लागली. आधी झोपेसाठी, मग उगाचच. एका दुपारी गॅसवर दूध ठेवून ती झोपली. शाळेतून आलेल्या मुलीला धुरानं भरलेलं घर दिसलं. दुसऱ्या दिवशी सुलक्षा माझा जिना चढली. चतुर्थीपासून तिनं थेंब घेतला नव्हता. पुन्हा हात गेला तर मुलीसमोर उभी राहू शकणार नाही, असं ती मला म्हणाली होती.

आणि आता ही बाटली. दिलीपच्या थोरल्या भावाची पेडण्यात काजूची भट्टी आहे. हंगामातली पहिली हुर्राक, म्हणजे बोंडांच्या रसाची पहिली दारू, ते राखणदारासाठी काढून ठेवतात. राखणदार म्हणजे वाडी सांभाळणारा देव. शिगमो, म्हणजे इथली होळी, झाला की वाडीच्या कडेला त्याच्या घुमटीपुढे रोट, विडी आणि ही बाटली ठेवून गाऱ्हाणं घालतात. तोवर ती घरच्या बाईनं रांधपघरात सांभाळायची. या घरची रीतच तशी.

आमच्या धंद्यात 'ट्रिगर' म्हणतात. जे दिसलं, ज्याचा वास आला की पिण्याची ओढ उठते, ते. नियम सोपा, ट्रिगर घराबाहेर काढायचा. मी तेच सांगितलं. "ओतून टाक आणि त्या दिवशी दुसरी आण."

"देवाची पहिली धार ओतून टाकू? मॅडम, तुम्हाला खूळ लागलंय काय?"

बरोबर होतं तिचं. पण तिनं घरी विषय काढलाच, आणि दुपारी दिलीप माझ्या दारात.

"बाई, माझ्या बायलेच्या डोक्यात काय भरवताय? देवाची बाटली घरात नको म्हणते!"

"बाटली नको म्हणते. देव नको म्हणत नाही."

"आणि तो भायला, दारावरचा बोर्ड! 'महिलांसाठी दारूमुक्ती मदत'! तिला जिना चढताना कोणी बघितलं तर? माझी बायल पिते हे गावभर करायचंय?"

"तुम्ही रोज बाटली आणता, ती कुठल्या बोर्डाखालून?"

"पुरुषांची गोष्ट वेगळी."

"लिव्हरला ते अजून कोणी सांगितलेलं नाही."

तो तणतणत गेला. संध्याकाळी आमच्या संस्थेच्या सचिवांचा फोन. "मॅडम, जरा नमतं घ्या. सॉरी म्हणा त्याला. आणि बोर्डावर 'महिला आरोग्य' एवढंच लिहू या. दारू हा शब्द बरा दिसत नाही."

माझं डोकंच सणकलं. "सर, स्टँडपासून इथपर्यंत दारूचे बोर्ड मोजा. लायटिंगवाले आहेत. ते बरे दिसतात, आणि सोडायला मदत करणारा तेवढा वाईट? मी सॉरी म्हणणार नाही, बोर्डही उतरणार नाही. तुम्हाला उतरवायचा असेल तर तुम्ही शिडी घेऊन या." शिडी काही आली नाही.

दोन दिवसांनी सुलक्षा आली. खुर्चीवर बसण्याआधीच हसू लागली.

"ठेवून आले."

"काय?"

"बाटली. घुमटीत. त्याच्या पुढ्यात."

"आणि घरी?"

"बोंब झाली! हे ओरडले, वेळ नाही झाली, अशी कशी नेलीस? मी म्हटलं, त्याची वस्तू त्याला दिली. अख्खी वाडी राखतो तो, एक बाटली राखणार नाही? मग मांयच यांना म्हणाली, जा, हिंमत असेल तर घेऊन ये परत."

"आणि तुझी ओढ? तू तिथं जाणार नाहीस कशावरून?"

"त्याच्या पुढ्यातली उचलायची माझी छाती नाही, मॅडम. यांची तर नाहीच."

राखणेला, म्हणजे गाऱ्हाण्याच्या दिवशी, तिनं मला बोलावलं. मी गेले. घुमटीपुढे वाडी जमलेली. थोरल्या दिरानं बाटली उचलून बघितली. बूच जसंच्या तसं. तो दिलीपकडे वळून म्हणाला, "अरे, यंदा भरलेली कशी?" माणसं खो खो हसली. दरवर्षी ती अर्धी का होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. पोरांबाळांना राख, गुरांना राख, ट्रक पुन्हा चालू दे. दर मागण्यावर सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा." शेवटी त्यानं विचारलं, "आणखी कोणाचं काय सांगणं?"

सुलक्षा पुढे आली. पदर खोचलेला. मुलगी तिच्या शेजारी.

"माझं आहे. मी सोरो, दारू पीत होते. आता सोडलाय. परत हात गेला तर आडव मला."

दिलीप खाली बघत होता. सासू मात्र सगळ्यांच्या आधी, खणखणीत, "व्हय म्हाराजा!" मग सगळी वाडी.

दीर दिलीपला म्हणाला, "तुझा आवाज नाही ऐकू आला."

"व्हय म्हाराजा," दिलीप म्हणाला. जरा मोठ्यानं.

सोडणं एका गाऱ्हाण्यानं होत नाही. सुलक्षा अजून येते, अधूनमधून रडतेही. पण आता ती पदर डोक्यावर ओढून जिना चढत नाही. मधल्या काळात सचिवांनी पुन्हा बोर्डाचं विचारलं. मी सांगितलं, जिच्यासाठी तो शब्द झाकायचा होता, तिनं तो आधीच वाडीसमोर मोठ्यानं म्हणून टाकलाय. आता झाकून काय उपयोग?