आधी दाढ, मग फोटो

दुपारचे दोन वाजलेत. ओपीडी रिकामी आहे आणि मी पेशंटच्याच खुर्चीत आडवी झाले आहे. पाच मिनिटं, फक्त पाच. टेबलावर माझा शोधनिबंध आहे: दाढांच्या फटीतली कीड एक्स-रेवर किती अचूक ओळखता येते. शंभरात सत्त्याण्णव, असं मी लिहिलंय. पाचच्या आत पाठवायचा आहे, छापून आला की माझी बढती पक्की. डोळे मिटतात की दिवा जातो, कोण जाणे.

"आ कर," कोणीतरी म्हणतं.

कामेरकर सर! माझे गाईड. त्यांना जाऊन चौदा महिने झाले, त्यांच्या तेराव्याला मी जेवलेय. मग यांचा ॲप्रन ओला कसा?

"सर, तुम्ही तर..."

"ते राहू दे. फोटो वाच."

एक्स-रेला सर पेशंटसारखं फोटोच म्हणायचे. मी तो उजेडाला धरते, तर आम्ही कँटीनमध्ये बसलोय. पोह्यांच्या बशीत उभ्या कापलेल्या दाढा आहेत, वर कोथिंबीर. याचं मला नवल का वाटत नाही, तेच कळत नाही.

सरांची शिस्त साधी होती. एकाने फोटो वाचायचा, उत्तर पाकिटात बंद करायचं. मग दुसऱ्याने ती काढलेली दाढ कापून खरी कीड बघायची. फोटो वाचणाऱ्याला दाढ दाखवायची नाही. सर गेल्यावर दोन्ही कामं मीच उरकली, एका हातात कापलेली दाढ, दुसऱ्या हातात फोटो. निबंधात त्याबद्दल अवाक्षर नाही.

"कीड आहे?" सर विचारतात.

"आहे."

"फोटोत दिसली?"

मी बघते. फोटो कोरा आहे. तरी माझ्या तोंडून "आहे"च येतं.

सर रागावत नाहीत, त्याचाच मला राग येतो. "सर, कुणाला कळणार आहे? सगळे असंच करतात."

"मला काय विचारतेस? मी मेलोय."

मी हसते, पण कँटीनमध्ये कोणीच हसत नाही. आता तो परीक्षेचा हॉल आहे. बाकांवर पेशंट बसलेत, गालावर हात धरून. पहिल्या बाकावर माझी आई. ती इथे कशी? तिच्या हातातही तोच कोरा फोटो.

"तुमच्या आकड्यावर विसंबून डॉक्टर म्हणतायत, कीड नाही," ती म्हणते. "पण ठणकतंय हो."

आई मला अहोजाहो करतेय. मला रडू येतं. सांगायला मी तोंड उघडते, तर सर कापसाची गुंडाळी माझ्या गालात सरकवतात.

"बोलू नकोस. आधी लिही."

"मॅडम, पाठवू ना?"

दारात अश्लेषा उभी आहे, निबंधातली माझी सहलेखिका. घड्याळात अडीच. मी "थांब" म्हणायला जाते आणि शब्दच फुटत नाही. गालात बोट घालते. कापसाची गुंडाळी निघते, लाळेनं चिंब.

"ही तू ठेवलीस?"

"मी? मी आत्ता येतेय."

कापसाच्या बरण्या तर कुलपात आहेत. माझं डोकं चालत नाही. "पाठवू नकोस," मी म्हणते. "एक वाक्य राहिलंय. फोटो वाचणारीनं कापलेली दाढ आधी पाहिली होती."

अश्लेषा खाली बसते. "मग सत्त्याण्णवाला काय अर्थ राहिला? आणि तुमची बढती?"

"माहीत नाही गं."

मी एका हातानं ते वाक्य टाइप करते. दुसऱ्या मुठीत कापूस आहे, अजून कोमट.