येळवशीला वाजलेला फोन

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी फोनवर बसायचे, तिथे सरांनी पुण्याहून नवी फोन यंत्रणा आणली. तिच्या पोटात कॅलेंडर होतं. कामाच्या दिवशी आलेला फोन माझ्या टेबलावर वाजायचा, सुट्टीच्या दिवशी आपोआप मुलींच्या वसतिगृहात रेक्टरबाईंकडे जायचा. मुलींना मोबाइलची बंदी होती, त्यामुळे आईबापांचा सगळा जीव त्या एका नंबरात अडकलेला. मला मात्र ती यंत्रणा डोळ्यासमोर नको होती. माझं काम कॅलेंडर करणार म्हटल्यावर कोणाला आवडेल?

निलंग्याकडच्या एका मामांचा फोन रोज दुपारी यायचा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची बायको गेली, तान्ही मुलगी तेवढी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. तीच आता आमच्याकडे मेडिकलची तयारी करत होती. "जेवली का पोरगी?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. "मामा, इथं मेस आहे, उपाशी नाही ठेवत कुणी," असं मी वैतागून म्हणायचे आणि मुलीला बोलावून द्यायचे.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमचं अख्खं लातूर शेतात जेवायला जातं, बाजारपेठेत चिटपाखरू दिसत नाही. ऑफिसला कुलूप होतं आणि मी भावाच्या शेतात भज्जी-आंबिलीवर ताव मारत होते. पण पुण्याच्या माणसाने भरलेल्या कॅलेंडरात गुढीपाडवा होता, दिवाळी होती, येळवस नव्हती. यंत्रणेच्या लेखी तो कामाचा दिवस. फोन वसतिगृहात गेलाच नाही, बंद ऑफिसात माझ्या टेबलावर वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी मामा ऑफिसच्या पायरीवर बसलेले दिसले.

"पोरगी बरी आहे ना?" मी घाबरून विचारलं.

"बरी हाय. कालच भेटलो. तुमच्यासाठी थांबलो, ताई. सुट्टीला फोन तिकडं जातो म्हणला होता तुमी."

मी कॅलेंडरचं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाले, "भूकंपाच्या टायमाला मी कामासाठी भाईरगावी होतो. गावात सरपंचाच्या घरी फोन लावत राहिलो. घंटी जायची, उचलायचं न्हाई कुणी. काल बी तशीच घंटी गेली. पंगतीतून उठलो, शेजाऱ्याची मोटरसायकल घेतली, निघालो."

मला रडूच आलं. इतके दिवस मी या माणसाला मेस शिकवत होते.

ते गेल्यावर मी पुण्याला फोन लावला. तिकडचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, ही गव्हर्नमेंट हॉलिडे आहे का?"

"नाही हो, ही लातूरची हॉलिडे आहे!"

तारीख दरवर्षी बदलते म्हटल्यावर त्याने कुरकुर केली. दरवर्षी पंचांग बघून मीच भरेन म्हटलं आणि कसं भरायचं ते त्याच्याकडून शिकून घेतलं.

पुढच्या वर्षी मुलीला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. येळवशीला शेतात मला राहवेना. कडब्याच्या कोपीच्या सावलीत बसून ऑफिसचा नंबर फिरवला. रेक्टरबाईंनी लगेच उचलला.

"तुमच्या आधी निलंग्याहून एक फोन येऊन गेला," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, मामा, मुलगी आता इथं नाही. तर म्हणाले, ठावं हाय. फोन कोन उचलतं का, तेवढंच बघितलं."