पाचशे मिलिमीटरची लेन्स आणि महानंदाचा खो

उदगीरच्या मुलींचा खो-खोचा सामना मी एकट्यानं, मैदानाच्या बाहेर उभं राहून, बंद पाडलेला आहे. (अभिमानानं सांगत नाही. लोक अजून विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.)

लातूर जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. नवं कलेक्टर ऑफिस, नवे शिक्के, नव्या पाट्या. जुना होता तो फक्त दुष्काळ! विहिरीत बादली सोडली की खाली दगडावर आपटल्याचा खणखणाट यायचा. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, त्यामुळे माणूस घराबाहेर पडला की हातात घागर. बँकेत चालला तरी घागर, लग्नाला चालला तरी घागर! एका लग्नात तर ऐन अक्षता पडताना टँकर आला आणि मांडवात नवरा, नवरी आणि फोटो काढणारा मी, एवढेच उरलो. लग्न लावणारे स्वामीसुद्धा कमंडलू घेऊन गेले होते.

माझा स्टेशन रोडवर फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसं, पासपोर्ट, असलंच काम. पण मनातल्या मनात मी स्वतःला खेळाचा फोटोग्राफर समजायचो. (खेळाचा एकही फोटो काढलेला नव्हता. समजायला काय लागतंय!) अशात हैदराबादचे माझे साडू, म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान, आठ दिवसांसाठी एक लेन्स देऊन गेले. पाचशे मिलिमीटरची! कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब आणि वजनाला वरवंट्याएवढी.

“साडूभाऊ,” ते म्हणाले, “ही लावून स्टेडियमच्या शेवटच्या पायरीवर बसा. खेळाडूच्या मिशीचे केस मोजून घ्या.”

“आमच्यात पोरी खेळून राहिल्यात,” मी म्हणालो.

“मग मिशा मोजू नका.”

पोरी म्हणजे माझी धाकटी बहीण महानंदा आणि तिचा संघ. नव्या जिल्ह्याचा मुलींचा पहिलावहिला संघ निवडायचा होता, आणि त्यासाठी लातूरहून निवड समितीच्या बाई उदगीरला सामना बघायला येणार होत्या. इकडे अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, देवणीचं एक स्थळ धरून ठेवलेलं. अप्पांचं मोंढ्यात आडत दुकान. त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

“जिल्ह्यात नाव आलं तर दोन वर्षं खेळ, मी आडवा येत न्हाई,” अप्पा म्हणाले. “पर न्हाई आलं तर सोमवारी देवणीचे पाव्हणे येणार. मग खो बी बंद अन् फो बी बंद.”

दुपारी महानंदा माझ्या स्टुडिओत येऊन बसली.

“अण्णा, मी खांबापाशी सूर मारून गडी टिपते न्हव का, तसा एक फोटो काढ माझा. नाव आलं न्हाई तर तेवढा तरी राहील माझ्यापाशी.”

“एक काय, छत्तीस काढतो! सबंद रीळ तुझ्या नावावर!” मी म्हणालो. त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं.

आता लेन्स नवी म्हणजे हात बसवायला पाहिजे. म्हणून मी रोज सकाळी कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं घेऊन आमच्या माळवदावर चढू लागलो. माळवद म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छत. तिथून बिदरचा रस्ता दिसायचा. पहिल्याच दिवशी लेन्समधून काय दिसावं? टँकर! दोन मैल लांबून, धुरळा उडवत येणारा. मी वरूनच ओरडलो, “टँकर आलाऽऽ!” गल्लीनं घागरी लावल्या, आणि खरंच टँकर आला! दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तर बायका मला चहाच आणून देऊ लागल्या. (बिनसाखरेचा का होईना, पण त्यात पाणी होतं!)

“मन्मथ, दिसून राहिला का रे?” खालून विचारणा व्हायची.

“थांबा, मावशी, बघून सांगतो,” मी वरून भाव खायचो.

आमची आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, ती तर हौदावर जाऊन सांगून आली, “आमच्या मन्मथाला टँकर सगळ्याच्या आधी दिसतो बाई.” जन्मात पहिल्यांदा माझ्या कुठल्या तरी गुणाचं घरात कौतुक होत होतं, आणि मी हुरळलो. सामन्याच्या आदल्या दिवशी महानंदा म्हणाली, “अण्णा, उद्या टँकर बघू नकोस. मला बघ.” मी अव्वाच्या गळ्याची आण घेतली. अव्वा शेजारीच बसली होती. तिनं स्वतःच्या मानेवरून हात फिरवला.

सामन्याला शाळेच्या मैदानावर सगळा गाव लोटला. अर्थात घागरींसकट! चुन्याच्या रेघांच्या कडेनं माणसं आणि माणसांच्या पुढं घागरी. लातूरच्या बाई खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर कागद. अप्पा स्वच्छ धोतर, टोपी घालून पहिल्या रांगेत. महानंदाचा खेळ ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मी मैदानाच्या कडेला तिकाटणं मांडलं आणि लेन्सला डोळा लावला. दिसलं एक भोक. बारकाईनं बघितल्यावर कळलं, ती पंचांची नाकपुडी आहे. मागं सरकलो, तर कान दिसला. अजून मागं सरकलो, तर दुसऱ्याच माणसाचा कान! ही लेन्स क्रिकेटच्या मैदानासाठी केलेली, आणि खो-खोचं मैदान म्हणजे आमच्या आडत दुकानाच्या अंगणापेक्षा थोडं मोठं. शेवटी सरकत सरकत मी शाळेच्या गच्चीवर जाऊन पोचलो. तिथून पोरी पूर्ण दिसत होत्या, पण एका जागी राहतील तर शपथ! महानंदानं पहिला सूर मारला, माझ्या फोटोत आली तिची टाच. दुसरा मारला, तेव्हा आली वेणी. तिसऱ्या वेळी खांब आला. खांब मात्र फार सुरेख आला होता.

खेळ रंगला होता. आमच्या पोरी पाठलागाला बसल्या होत्या आणि जिंकायला एकच गडी टिपायचा होता. महानंदा खांबाशेजारच्या चौकोनात उकिडवी, पाठीवर खो कधी पडतो याची वाट बघत. मला दिसत होतं, अप्पा अर्धे उठलेत. पुढचा सूर तिचाच, हे सगळ्या मैदानाला कळलं होतं. मी लेन्स तिच्यावर रोखली, श्वास धरला. आणि नेमका तेव्हा, दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यात, बिदर रोडवर धुरळा उठला.

मी वळणार नव्हतो. खरंच सांगतो, नव्हतो! पण आठ दिवसांत मानेला वळण लागलं होतं. मान फिरली, मानेबरोबर लेन्स फिरली, आणि लेन्समध्ये उन्हानं थरथरणारा, रस्ताभर पसरलेला, अगदी शाळेच्या फाटकाशी आल्यासारखा दिसणारा टँकर! बोटानं आपोआप कळ दाबली. माझ्या तोंडून निघून गेलं,

“टँकर आलाऽऽऽ!”

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण ते फार लवकर झालं. आधी घागरी उठल्या, मग माणसं. मग शिट्टी तोंडात धरून पंच उठले. पळणारी पोरगी पळतच होती, ती सरळ रस्त्याकडे पळत गेली आणि तिचा पाठलाग करणारी तिच्या मागोमाग. बसलेल्या पोरीही उठल्या. खालून अव्वाचा आवाज आला, “मन्मथाऽ, कळशी धर! नंबर जाईल!” आणि मी, ज्यानं महानंदाला बघायचं कबूल केलं होतं, तो कॅमेरा तिथंच टाकून, दोन-दोन पायऱ्या गाळत, कळशी घेऊन पळालो.

लेन्समध्ये फाटकाशी दिसलेला टँकर खरा मैलभर लांब होता. ते मैलभर आम्ही पळालो! सगळ्यात पुढं अप्पा. मोंढ्यात बसल्या जागेवरून पाणी मागणारा माणूस, पण त्या दिवशी धोतराचा सोगा खोचून त्यांनी तरण्या पोरांना मागं टाकलं. गर्दीनं टँकर अडवला. ड्रायव्हर कर्नाटकातला, कानडी. तो खिडकीतून हात हलवत ओरडला, “नीर अल्ला! मळी, मळी!” म्हणजे पाणी नव्हे बाबांनो, साखर कारखान्याची मळी! आमच्या अप्पांना कानडी उत्तम येतं. पण अप्पा तेव्हा टँकरच्या मागं होते आणि चावी फिरवत होते.

भसकन धार आली. काळी, दाट, चिकट.

“लई गढूळ हाय,” अप्पा म्हणाले, “पर फडक्यानं गाळून घेऊ.”

त्यांची घागर भरेस्तवर वास सुटला. चावी काही बंद होईना. गुडघ्यापर्यंत मळी, धोतराला मळी, टोपीला मळी, आणि मराठवाड्यातल्या सगळ्या माश्यांना निरोप गेल्यासारख्या माश्या! लोक अप्पांकडे बघेनात. सगळे माझ्याकडे बघू लागले. एवढा मोठा रस्ता, पण लपायला एक झाड नव्हतं.

“तूच वरडलास न्हव का?” एक म्हातारी म्हणाली. मी कळशी तोंडासमोर धरली.

मग आठवलं. महानंदा! आम्ही तसेच परत पळालो.

मैदान मोकळं होतं. लातूरच्या बाई खुर्चीवर तशाच बसलेल्या. आणि रणरणत्या उन्हात, सात रिकाम्या जागांच्या टोकाला, खांबाशेजारच्या चौकोनात महानंदा उकिडवी बसलेली, अर्धी उठलेली, एक हात जमिनीला टेकलेला. दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती, पण जागची हलली नव्हती.

बाई उठून तिच्याजवळ गेल्या. “सगळे गेले. तू का गेली नाहीस, बाळ?”

“मला कुणी खो दिला न्हाई, बाई.”

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “सामना रद्द. पुन्हा घ्यायला वेळ नाही, मला पुढं अहमदपूरला जायचंय. या मैदानावरून एकच नाव घेतलंय.” आणि जीप निघाली.

ते एकच नाव महानंदाचं होतं. अप्पा माश्या हाकलत पुढं आले, तिच्या डोक्यावर हात ठेवणार होते, पण हाताकडे बघून त्यांनी तो मागं घेतला. “खेळ, बाई,” एवढंच म्हणाले. देवणीला निरोप गेला. घरात सगळे खूश. पण महानंदाच्या आठ मैत्रिणी फाटकापाशी रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्याही वर्षभर अनवाणी पळाल्या होत्या, त्यांच्याही घरी कुणाचे तरी पाव्हणे यायचेच होते. माझ्या एका ओरडण्यानं त्यांची नावं गेली. एकीनंही मला शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं. आजही त्यांतली एखादी, आता नातवंडं घेऊन, बाजारात समोरून आली की मी गल्ली बदलतो.

रीळ धुतलं. धुवायला घरातलं दोन दिवसांचं पिण्याचं पाणी लागलं, ते अव्वानं स्वतः आणून दिलं. छत्तीस फोटोंत सात कान, एक नाकपुडी, एक टाच, एक वेणी, एक सुरेख खांब, आणि बाकी सगळे, माळवदावरच्या सरावातले धरून, टँकर. शेवटच्या फोटोत तर लेन्सनं कमाल केली होती. टँकरच्या कपाळावर रंगवलेल्या ‘मळी’ या शब्दाचं अक्षर न् अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. ओरडायच्या आधी ते वाचू शकणारा गावात फक्त मीच होतो.

साडूंना लेन्स परत केली. चार दिवसांनी जिल्ह्याच्या संघाचा अर्ज आला, त्याला महानंदाचा फोटो लावायचा होता. मला वाटलं, चला, आता तरी भरपाई करू! स्टुडिओतला पडदा ताणला, दिवे पुसले, स्टूल मधोमध ठेवलं. महानंदा आली ती फोटो हातात घेऊनच. चौकातल्या दुसऱ्या स्टुडिओतून काढून आणलेला!

“अगं, घरचा स्टुडिओ असताना तिकडं?”

“अण्णा,” ती म्हणाली, “मी आधीच त्यांना सांगितलं, फोटो होईस्तवर हलायचं न्हाई. ते हलले न्हाईत.”

फोटो खरोखर चांगला आला होता. अर्जावर चिकटवायला डिंक मात्र माझ्याकडून नेला. महानंदाच्या खेळात माझा वाटा किती, असं कुणी विचारलं, तर मी ती डिंकाची बाटली दाखवतो.