कडेला उभी राहणारी सरोज

सरोज आखाती देशातल्या एका शाळेच्या बसगाड्यांचं काम बघायची. रविवार ते गुरुवार पहाटेपासून ड्रायव्हर, बंद रस्ते आणि पालकांचे फोन. शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, घसा बसलेला, पाय सुजलेले, नुसतं आडवं व्हावंसं वाटायचं. तरी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये जेवणाची भांडी तशीच सिंकमध्ये टाकून ती टीव्हीसमोर बसायची आणि कंट्रोलर हातात घ्यायची. पुण्यात नोकरीला लागलेला तिचा मुलगा मिहीर तिकडे ऑफिस सुटल्यावर त्याच वेळी ऑनलाइन यायचा. फोनवर तो ‘आय अॅम फाइन’च्या पुढे जात नसे. खेळताना जरा सैल व्हायचा.

खेळ साधा. हवेत तरंगणारी एक फळी आणि तिच्यावर दोघांची मारामारी. ज्याला बाहेर फेकलं तो हवेतच मोजक्या उड्या मारत फळीवर परत यायला बघतो, दुसरा कडेला उभा राहून त्याला येऊ देत नाही. मिहीर आठवीत असताना त्याला सरावाला कोणीतरी हवं होतं. “आई, तू बाकी काही करू नकोस. कडेला थांब, मी आलो की मार.” सरोज तेवढंच शिकली, पण नीट शिकली. उगाच बाहेर झेप घ्यायची नाही. त्याच्या उड्या संपू द्यायच्या. तो कड पकडायला आला की आपणच आधी कडेला लटकायचं, म्हणजे त्याला धरायला जागाच उरत नाही. मिहीर चिडायचा, “दॅट्स सो चीप, आई!”

त्याची सवय तिला पाठ होती. शेवटची उडी तो अगदी खाली जाईपर्यंत राखून ठेवायचा.

एका शुक्रवारी मात्र फळीवरून पडल्या पडल्या उडी वापरून तो सरळ तिच्या अंगावर आला. तिने मारलं. पुन्हा तसाच आला. नंतर तर त्याने उडी मारलीच नाही, नुसता खाली गेला.

“काय झालंय?” हेडफोन सारखा करत तिने विचारलं.

“नथिंग. लॅग आहे, नेट स्लो आहे.”

“लॅग नाहीये. तू परत यायला बघतच नाहीयेस.”

पलीकडे कंट्रोलर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “आय क्विट, आई. गणपतीपासून ऑफिसला जातच नाहीये. बाबांना सांगू नकोस.”

एरवी सरोज ओरडली असती. आता तेवढी ताकदच नव्हती. तिने सोफ्याला डोकं टेकलं. “मला विचारायचं तरी होतंस रे.”

“तू ऑलरेडी इतकी दमलेली असतेस.”

ते तिला त्याच्या नोकरी सोडण्यापेक्षा जास्त लागलं.

“मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “तू सांग. मी त्यांच्या शेजारी बसेन.”

मिहीरचे बाबा, राजाभाऊ, गॅस प्लांटवरची ड्यूटी संपवून आले, त्या संध्याकाळी मिहीरने व्हिडिओ कॉल केला. राजाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. “मग आता काय करणार?” त्यांनी विचारलं. “अजून ठरवलं नाही,” मिहीर म्हणाला. राजाभाऊ उठून बाल्कनीत गेले. सरोजने कॉल चालूच ठेवला.

दिवाळीनंतर त्याला एका छोट्या क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं. पगार कमी, काम बरं. राजाभाऊ अजून त्याच्याशी मोजकंच बोलतात. मिहीर मात्र हल्ली आठवड्याच्या मधल्या दिवशीही आईला फोन करतो. ती बसच्या गोंधळात असते, “थांब हं,” म्हणते, आणि फोन न ठेवता ड्रायव्हरला रस्ता सांगत राहते.